जुना फोन, फुगलेली बॅटरी, बंद चार्जर: घरातला ई-कचरा रिसायकलिंगला कसा आणि कुठे द्यायचा?

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतोच. त्यात दोन जुने फोन, तीन-चार चार्जर, एका कानाने बंद पडलेले इअरफोन, कुठल्या तरी कॅमेऱ्याची केबल आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं बरंच काही असतं.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना मी आमचा असा ड्रॉवर रिकामा केला. एक पॉवर बँक चार्ज होत नव्हती, ती सरळ सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा घेऊन गेलेल्या ताईंनी दहाच मिनिटांत पुन्हा बेल वाजवली. पिशवी जड लागली म्हणून त्यांनी खाली उघडून पाहिली होती. हातात माझीच पॉवर बँक.

"दादा, हे कचऱ्यात नका टाकू. मागच्या महिन्यात आमच्या शेडमध्ये असलंच काहीतरी पेटलं. चार दिवस निवडून ठेवलेला कागद जळून गेला."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लिथियम बॅटरी दाबली गेली की काय होतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरीही मी ती टाकली, कारण टाकायची कुठे हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला, एका संकलन केंद्रावर स्वतः जाऊन आलो आणि ड्रॉवर रिकामा केला. या लेखात ती सगळी माहिती एका जागी देतोय: ई-कचरा म्हणजे काय, तो पुढे जातो कुठे, देण्याआधी फोनमधला डेटा कसा पुसायचा आणि द्यायचा कुणाला.

ई-कचरा म्हणजे नेमकं काय?

प्लग, बॅटरी किंवा वायर असलेली आणि आता वापरात नसलेली कोणतीही वस्तू म्हणजे ई-कचरा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सरकारी यादी बरीच मोठी आहे. २०१६ च्या नियमांमध्ये २१ प्रकारची उपकरणं होती, २०२२ च्या नियमांमध्ये ती १०६ झाली. घरात शोधायला लागलात तर साधारण हे सापडेल:

- मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप, कीबोर्ड, माउस, राउटर, सेट-टॉप बॉक्स
- चार्जर, केबल, इअरफोन, पॉवर बँक, स्मार्ट वॉच, ब्लूटूथ स्पीकर
- पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, मेमरी कार्ड
- रिमोट, ट्रिमर, इस्त्री, मिक्सर, बॅटरीवर चालणारी खेळणी
- ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे (यात पारा असतो, म्हणून फुटू न देता वेगळे ठेवा)

खात्री करायची असेल तर तुमच्या चार्जरची मागची बाजू बघा. बारीक अक्षरांमध्ये कुठेतरी चाकं असलेल्या कचरापेटीचं चित्र आणि त्यावर फुली दिसेल. अर्थ सरळ आहे: ही वस्तू घरच्या नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. हे चिन्ह रोज आपल्या हातात असतं, पण मीसुद्धा ते पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या पॉवर बँकेवरच.

फोनच्या आत एवढं आहे तरी काय?

फोन म्हणजे काच, प्लास्टिक आणि बऱ्याच धातूंचं मिश्रण. वायरिंग आणि सर्किट बोर्डमध्ये तांबं असतं, चौकटीत बहुतेक वेळा ॲल्युमिनियम. कनेक्टर आणि चिपच्या जोडण्यांवर सोन्याचा पातळ थर असतो, कारण सोनं गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेतं. शिवाय थोडी चांदी आणि पॅलेडियम. बॅटरीत लिथियम आणि बहुतेक वेळा कोबाल्ट. टचस्क्रीनच्या पारदर्शक थरात इंडियम आणि बारीक कपॅसिटरमध्ये टँटलम.

एका फोनमधलं सोनं मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. त्यामुळे घरी फोन फोडून कुणी श्रीमंत होणार नाही, यूट्यूबवरचे व्हिडिओ काहीही म्हणोत! पण लाखो फोन एकत्र आले की गणित बदलतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण टोकियो ऑलिंपिकचं. त्या स्पर्धेची सुमारे ५,००० पदकं जुन्या उपकरणांमधून काढलेल्या धातूंपासून बनवली होती. त्यासाठी जपानमध्ये २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून जुनी उपकरणं गोळा केली. सुमारे ७९,००० टन उपकरणं जमली आणि त्यात ६२ लाखांच्या आसपास मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळालं. नीरज चोप्राचं भालाफेकीतलं सुवर्णपदक याच स्पर्धेतलं. म्हणजे त्या पदकात कुणाच्या तरी ड्रॉवरमधला जुना फोन आहे.

आता दुसरी बाजू. जुन्या उपकरणांच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. वायरवरचं पीव्हीसी प्लास्टिक उघड्यावर जाळलं की डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. आग लागू नये म्हणून काही प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. फोन खिशात असताना यातलं काहीच बाहेर येत नाही. तो फोडला, जाळला किंवा ॲसिडमध्ये बुडवला की येतं.

आणि हे प्रमाण छोटं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. सर्वाधिक ई-कचरा करणाऱ्या देशांमध्ये चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा नंबर लागतो.

भंगारवाल्याला दिलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला घरातच विचारला गेला. आईचं म्हणणं, "भंगारवाला पैसे तरी देतो." तिचं चूक नाही. रद्दी, लोखंड, बाटल्या, पुठ्ठा या गोष्टी आपल्याकडे पुन्हा वापरात येतात त्या भंगारवाल्यांमुळे आणि कचरा वेचणाऱ्यांमुळेच. या वस्तू त्यांना अवश्य द्या.

ई-कचऱ्याचं मात्र वेगळं आहे. भंगारात गेलेला फोन किंवा सीपीयू हात बदलत बदलत मोठ्या बाजारात पोहोचतो. दिल्लीतलं सीलमपूर यासाठी ओळखलं जातं. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद सर्किट बोर्डांमधून धातू काढण्याच्या कामासाठी बदनाम झालं. अशा अनधिकृत जागी हातमोजे किंवा मास्क न वापरता काम चालतं. तांबं मिळवायला वायर जाळतात. सोनं काढायला बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. उरलेलं ॲसिड आणि राख गटारात किंवा नदीकाठी जाते. एवढं करून धातूही पूर्ण हाती येत नाहीत. जे सहज विकलं जातं तेवढं काढायचं आणि बाकीचं फेकायचं.

म्हणजे भंगारवाल्याकडून मिळालेल्या पन्नास-शंभर रुपयांची खरी किंमत वायर जाळणारा तो माणूस आणि त्याच्या घरची लेकरं मोजतात.

रिसायकलिंग केंद्रात पुढे काय होतं?

आपण जिथे वस्तू देतो ते बहुतेक वेळा संकलन केंद्र असतं. तिथे वस्तू मोजून आणि वेगळ्या करून ठेवतात, मग मोठ्या रिसायकलिंग कारखान्यात पाठवतात. साधारण क्रम असा:

१. वजन आणि नोंद. काय आलं आणि किती आलं, याची नोंद होते.

२. निवड. चालू शकणाऱ्या वस्तू दुरुस्तीसाठी बाजूला काढतात. डेटा असलेल्या वस्तू, म्हणजे फोन आणि हार्ड डिस्क, वेगळ्या करतात.

३. बॅटरी काढणं. ही सर्वात महत्त्वाची पायरी. बॅटरीसकट फोन यंत्रात गेला तर आग लागू शकते.

४. हाताने सुटं करणं. स्क्रीन, बोर्ड, चौकट, वायर असे भाग वेगळे होतात.

५. तुकडे आणि धातू वेगळे करणं. यंत्र भागांचा चुरा करतं. लोखंड चुंबकाने ओढलं जातं. ॲल्युमिनियम आणि तांबं चुंबकाला चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी वेगाने फिरणारं चुंबकीय क्षेत्र वापरून त्यांच्यात विद्युत प्रवाह तयार करतात, त्यामुळे ते तुकडे उडून बाजूला पडतात. प्लास्टिक घनतेनुसार वेगळं होतं.

६. सर्किट बोर्ड. सोनं, चांदी आणि पॅलेडियम यातच असतं. बोर्ड मोठ्या भट्टीत वितळवतात किंवा बंदिस्त रासायनिक प्रक्रियेतून धातू काढतात. इथेही ॲसिड वापरलं जातं, पण धूर आणि सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवलेली असते.

७. बॅटरी. ती वेगळ्या कारखान्यात जाते. तिथे तिची काळी पूड करतात आणि त्यातून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम काढतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिसायकलिंग म्हणजे जादू नाही. सोनं आणि तांबं चांगलं परत मिळतं, पण इंडियम किंवा स्पीकरच्या चुंबकातली दुर्मीळ मूलद्रव्यं फारशी मिळत नाहीत. त्याच अहवालानुसार जगाच्या दुर्मीळ मूलद्रव्यांच्या गरजेपैकी ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगमधून जेमतेम १ टक्का भागते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दुरुस्ती, मग विक्री किंवा कुणाला वापरायला देणं आणि शेवटी रिसायकलिंग. चांगल्या चालणाऱ्या फोनची फक्त बॅटरी बदलली तर तो आणखी दोन वर्षं सहज निघतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. त्यातली मुख्य कल्पना अशी: ज्या कंपनीने वस्तू बाजारात आणली, ती वस्तू निकामी झाल्यावर तिच्या रिसायकलिंगची जबाबदारीही त्याच कंपनीची. याला विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी कंपन्यांना ६० टक्क्यांचं उद्दिष्ट होतं. पुढच्या दोन वर्षांसाठी ते ७० टक्के आहे आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

हे चालतं कसं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, म्हणजे सीपीसीबीच्या पोर्टलवर कंपन्या आणि रिसायकलर दोघांनाही नोंदणी करावी लागते. रिसायकलरने जेवढं रिसायकल केलं तेवढी प्रमाणपत्रं तयार होतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपलं उद्दिष्ट पूर्ण करतात. म्हणजे तुम्ही नोंदणीकृत ठिकाणी दिलेला फोन या हिशेबात येतो. अनधिकृत ठिकाणी गेलेला फोन कुठल्याच हिशेबात येत नाही.

बॅटरीसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. त्यात आपल्यासारख्या ग्राहकांसाठी स्पष्ट सांगितलंय की वापरलेली बॅटरी घरच्या मिश्र कचऱ्यात टाकायची नाही, वेगळी द्यायची. माझी पॉवर बँक आठवा!

देण्याआधी: फोनमधला डेटा कसा पुसायचा?

मी मित्रांना विचारलं की जुना फोन घरात का ठेवलाय. बहुतेकांचं उत्तर एकच: "त्यात फोटो आहेत रे, कुणाच्या हाती लागले तर?" भीती रास्त आहे. फोटो, आधारचं पीडीएफ, बँकेचे मेसेज, सगळं त्यातच असतं. पण ही भीती अर्ध्या तासात घालवता येते.

*आधी बॅकअप*

- फोटो आणि कॉन्टॅक्ट नव्या फोनवर किंवा क्लाउडवर आलेत ना, ते उघडून बघा. नुसतं "बॅकअप झालं" या मेसेजवर विसंबू नका.
- व्हॉट्सॲपच्या चॅट आधी नव्या फोनवर घ्या.
- ओटीपी तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते रीसेट करण्याआधी नव्या फोनवर हलवा. हे लोक हमखास विसरतात आणि मग स्वतःच्याच अकाउंटबाहेर अडकतात.
- यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करून एक छोटा व्यवहार करून बघा.

*मग अकाउंट काढा*

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून गुगल अकाउंट काढून टाका. हे का करायचं? चोरीपासून बचाव म्हणून अँड्रॉइडमध्ये एक कुलूप असतं. अकाउंट न काढता फोन पुसला तर तो पुन्हा चालू करताना जुनाच पासवर्ड मागू शकतो. आयफोनमध्ये "फाइंड माय" बंद करा आणि आयक्लाउडमधून साइन आउट करा. कुलूप तसंच राहिलं तर चांगला फोनही दुरुस्त करून कुणाला वापरता येत नाही, तो थेट तुकडे करायला जातो.

*शेवटी रीसेट*

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सर्च बॉक्समध्ये "रीसेट" शोधा आणि "इरेज ऑल डेटा" निवडा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग "ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन" आणि त्यात "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज". सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. रीसेट करताना मेमरी कार्ड आपोआप पुसलं जाईलच असं नाही.

*रीसेटनंतर डेटा परत मिळू शकतो का?*

आता थोडं इंजिनिअरिंग. आयफोन आणि गेल्या काही वर्षांतले अँड्रॉइड फोन सगळा डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून साठवतात. अँड्रॉइड १० पासून तर नव्या फोनसाठी हे बंधनकारकच आहे. रीसेट करताना फोन त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. समजा नंतर कुणी मेमरी चिप काढून वाचली, तरी हाती येतात ते निरर्थक आकडे. त्यामुळे अशा फोनसाठी साधा रीसेट पुरेसा आहे.

फोन फार जुना असेल तर आधी सेटिंग्जच्या सिक्युरिटी विभागात एन्क्रिप्शनचा पर्याय आहे का बघा. असेल तर तो चालू करा, पूर्ण होऊ द्या आणि मग रीसेट करा.

पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कचं वेगळं. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं. पानं आत तशीच राहतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे सगळ्या जागेवर नव्याने लिहिलं जातं. लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर कंपनीचं "सिक्युअर इरेज" साधन वापरा.

*फोन चालूच होत नसेल तर?*

- स्क्रीन दिसते पण टच चालत नाही: ओटीजी ॲडॉप्टर लावून साधा यूएसबी माउस जोडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बाण येतो आणि सगळं करता येतं.
- स्क्रीन गेली पण फोन नेटला जोडलेला आहे: गुगल किंवा ॲपलच्या फोन शोधण्याच्या सेवेतून दुसऱ्या उपकरणावरून डेटा पुसा.
- पूर्ण बंद: दुसऱ्या फोनवरून तुमच्या अकाउंटच्या उपकरणांच्या यादीत जाऊन त्या फोनला साइन आउट करा आणि मेमरी कार्ड काढा. स्क्रीन लॉक असलेला एन्क्रिप्टेड फोन तसाही उघडणं फार अवघड आहे. तरी मनाला लागून राहिलं तर रिसायकलरकडे डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागा.

आणि एक कळकळीची विनंती: डेटा घालवायला फोनवर हातोडा घालू नका. चिप वाचेल आणि बॅटरी फुटेल.

बॅटरी कशी हाताळायची?

लिथियम बॅटरीत दोन थरांमध्ये अगदी पातळ पडदा असतो. बॅटरी दाबली, वाकवली किंवा तिला भोक पडलं की तो पडदा फाटतो, आत शॉर्टसर्किट होतं आणि उष्णता वाढत जाते. ही उष्णता स्वतःच पुढची रासायनिक क्रिया वाढवते, म्हणून अशी आग झटपट भडकते आणि विझली असं वाटल्यावर पुन्हा पेटू शकते. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो. कचरा निवडणाऱ्या शेडमध्ये भोवती कागद आणि प्लास्टिकच असतं. पुढचं सांगायला नको.

म्हणून:

- सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे दोन बॅटऱ्या एकमेकींना लागून शॉर्ट होणार नाहीत.
- फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. फोनचं मागचं झाकण वर आलं असेल तर फोन बंद करून ठेवा.
- ती कागद आणि कपड्यांपासून दूर, धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि लवकरात लवकर केंद्रावर द्या. देताना "ही फुगलेली आहे" असं तोंडाने सांगा.
- फुगलेली बॅटरी कुरिअरने पाठवू नका.

द्यायचं कुठे?

पर्याय पाचेक आहेत:

१. महापालिका किंवा नगरपालिकेचं संकलन केंद्र. तुमच्या महापालिकेच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर घनकचरा विभागात बघा, नाहीतर प्रभाग कार्यालयात फोन करा.

२. कचरावेचकांच्या संस्था. पुण्यात "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. तिचं मूळ १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेत आहे. जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा घ्यायला ही संस्था "व्ही-कलेक्ट" नावाची शिबिरं घेते.

३. कंपनीची परत घेण्याची सोय. फोन आणि लॅपटॉपच्या मोठ्या कंपन्यांच्या भारतीय वेबसाइटवर अगदी खाली "ई-वेस्ट" किंवा "रिसायकलिंग" नावाची लिंक असते. तिथे संकलन केंद्रांचे पत्ते किंवा टोल-फ्री नंबर मिळतो.

४. एक्स्चेंज. चालू फोनसाठी हा पर्याय चांगला, कारण पैसे मिळतात आणि फोन पुन्हा वापरला जातो.

५. सोसायटी किंवा कॉलेजचा संकलन दिवस. एका घरातून दोन किलो निघतं, शंभर घरांतून टेम्पो भरतो. एवढा माल असला की रिसायकलर बऱ्याचदा स्वतः न्यायला येतात.

खासगी रिसायकलर निवडताना दोन प्रश्न विचारा: सीपीसीबीकडे नोंदणी आहे का? आणि पावती मिळेल का? मंडळाच्या वेबसाइटवर नोंदणीकृत रिसायकलरची यादी आहे, त्यात नाव तपासा. मी इंटरनेटवर सापडलेल्या एका नंबरवर नोंदणीबद्दल विचारलं तर समोरून फोनच कट झाला. उत्तर मिळालं!

मी शेवटी ज्या केंद्रावर गेलो तिथे पंधरा मिनिटं लागली. त्यांनी बॅटऱ्या आणि फोन वेगळे ठेवले, वजन केलं, वहीत नाव लिहिलं आणि पावती दिली. जाण्याआधी फोन करून काय काय घेतात आणि किती वाजेपर्यंत, एवढं विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पैसे मिळतील का?* चालू वस्तूचे मिळतात. पूर्ण बंद वस्तूंचे थोडेफार किंवा अजिबात नाही.

*केबल आणि इअरफोनसारख्या बारीक वस्तू चालतात का?* हो. केबलमध्ये तांबं असतं. एका पिशवीत साठवा आणि एकदम द्या.

*रिमोटचे पेन्सिल सेल?* तेही वेगळ्या डब्यात साठवा आणि बॅटरी घेणाऱ्या केंद्रावर द्या.

*फोनचा आयएमईआय नंबर लिहून ठेवायचा का?* हो, आणि पावतीसोबत ठेवा. *#०६# डायल केलं की १५ अंकी नंबर दिसतो. तो फोन पुढे कुणी वापरला तर तुम्ही कधी आणि कुणाला दिला याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

*थर्माकोल आणि फोनचं खोकं?* हा ई-कचरा नाही. पुठ्ठा आणि प्लास्टिक सुक्या कचऱ्यात द्या, पण कोरडं.

जाता जाता

आमच्या घरी आता ड्रॉवरऐवजी एक डबा आहे. त्यावर आईने मार्करने "करंट" असं लिहिलंय. बंद पडलेलं काहीही त्यात जातं आणि सहा महिन्यांनी डबा केंद्रावर. पहिल्यांदा देऊन आलो तेव्हा ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं दादा. आता चौथ्या मजल्यावरच्यांना पण सांगा. त्यांच्या पिशवीत परवा सेल निघाले."

चौथ्या मजल्यावर सांगून आलोय. तुम्ही आज एवढंच करा: ड्रॉवर उघडा, एखादी बॅटरी फुगलीय का बघा आणि जवळच्या केंद्राचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. तुमच्या गावात किंवा शहरात चांगलं केंद्र माहीत असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा पत्ता टाका.